कूलरच्या घरघरीतलं मेटल

मराठवाड्यात मार्च संपता संपता खिडकीत कूलर बसतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत तो काही बंद होत नाही. या काळात घरात जे ऐकायचं ते त्याच्या घरघरीवरून ऐकायचं. मेटलच्या, म्हणजे जड गिटारच्या रॉक संगीताच्या, अल्बमांवर लिहिणारे बहुतेक लोक शांत खोलीत, महागड्या हेडफोनवर ऐकून लिहितात. त्यांचं मत चुकीचं नसतं. पण लातूर-परभणीकडच्या दहा बाय बाराच्या खोलीत, शहाबादी फरशीवर, पत्र्याखाली, दीड-दोन हजारांच्या इअरफोनवर तोच अल्बम वेगळा निघतो. कधी कधी अर्धाच उरतो. 2023 ते 2025 मधले काही अल्बम या मापाने तपासून इथे लिहितोय. माप विचित्र आहे, मान्य. पण अल्बमचं वजन रिफवर (गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यावर) उभं आहे की नुसत्या दणदणाटावर, हे त्यात दहा मिनिटांत कळतं.

कूलरचा आवाज दोन थरांचा असतो. खाली मोटरची आणि पात्यांची घूं, वर हवेचा आणि गवतातून झिरपणाऱ्या पाण्याचा पसरट फसफसाट. खालचा थर बास गिटारचं आणि किक ड्रमचं (पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाचं) पोट खातो. वरचा थर सिंबलची (ड्रमच्या झांजांची) शेपूट आणि रिव्हर्बचा (मागे घुमणाऱ्या पडसादाचा) माग पुसून टाकतो. मधल्या पट्टीत, साधारण एक ते चार किलोहर्ट्झमध्ये, माणसाचा कान सगळ्यात तीक्ष्ण असतो. तिथे काही ठोस असेल तर ते या घरघरीतूनही वर येतं. हलगीवाल्याला हे न सांगता ठाऊक असतं. वाजवण्याआधी तो हलगी जाळावर धरतो, कातडं सुकून ताणलं जातं, सूर चढतो, आणि मग ती एकटी हलगी अख्ख्या मिरवणुकीच्या गलक्याला भोक पाडून पलीकडे जाते. मेटलचे ध्वनिमुद्रक किक ड्रमचं हेच करतात. ढोलाचा घुमार कापतात आणि बीटर कातड्यावर आपटतो तो ‘टक’ चार किलोहर्ट्झच्या आसपास उचलतात. पुष्कळ अल्बमांत तो इतका उचललेला असतो की टाइपरायटर वाजतोय असं वाटतं. कूलर चालू असला की मात्र तोच टाइपरायटर कामाला येतो.

या परीक्षेत सर्वांत आधी पास होतो तो जूडास प्रीस्टचा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’, मार्च 2024 चा. त्या वेळी गायक रॉब हॅलफर्ड 72 वर्षांचा होता. त्याचा वरचा आवाज पूर्वीसारखा नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी ‘पॅनिक अटॅक’ पुन्हा ऐकावं. निर्माता अँडी स्नीप स्वतः गिटारवाला आहे, त्यामुळे दोन गिटार दोन कानांना स्वच्छ वाटून दिलेत, मधली जागा हॅलफर्डला मोकळी. रिफ फार खाली उतरत नाहीत, म्हणून छोट्या स्पीकरवरही काही गळून पडत नाही. पारंपरिक हेवी मेटल साध्या यंत्रावर टिकतं यात नवल नाही. ते वाढलंच रेडिओ आणि कॅसेटच्या काळात. माझी तक्रार ड्रमबद्दल आहे. स्कॉट ट्रॅव्हिससारखा वादक असून प्रत्येक ठोका सारख्याच उंचीचा, घासून गुळगुळीत केलेला. कूलर बंद करून हेडफोनवर ऐकलं की हा गुळगुळीतपणा डोळ्यात... म्हणजे कानात खुपतो. अकरा गाण्यांत ‘क्राउन ऑफ हॉर्न्स’ सगळ्यात टिकाऊ. त्यात वेग कमी आहे आणि चाल लक्षात राहते.

याच घराण्यातला आपल्या बाजूचा अल्बम म्हणजे बंगळुरूच्या क्रिप्टॉसचा ‘डेसिमेटर’, तोही 2024 चा. हा बँड 1998 पासून वाजवतोय आणि ऐंशीच्या दशकातल्या रिफची शिस्त भारतात त्यांच्याइतकी क्वचितच कोणी पाळली असेल. गायकी एकाच पट्टीतली, खरखरीत. त्याला मर्यादा आहेत. पण दोन गिटारांचं संवादी वाजवणं इतकं चोख आहे की मर्यादा विसरायला होतं. अहमदपूर ते नांदेड एसटीच्या खिडकीत बसूनही ऐकता येतो. त्या खिडकीच्या खडखडाटापुढे कूलर म्हणजे साधू आहे.

आता थोडं खोलीबद्दल, कारण पुढच्या अल्बमांचं भांडण खोलीशीच आहे. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची एक लाट अडकते. थंड हवेत तिची वारंवारता 56 हर्ट्झच्या आसपास निघते. मे महिन्यात खोली 40 अंशांवर गेली की आवाजाचा वेग वाढतो आणि ती 58 पर्यंत सरकते. बारा फुटांच्या बाजूची 47-48. आता गिटारची सगळ्यात जाड तार नेहमीपेक्षा खाली, ए सुरात उतरवली (‘ड्रॉप ए’) की तिचा सूर 55 हर्ट्झ, आणि सात तारांच्या गिटारची खालची बी साधारण 62. म्हणजे आजचं अर्धं मेटल नेमकं खोलीच्या घुमाऱ्यावर येऊन बसतं. काही सूर भिंती हलवतात, शेजारचे सूर गायब होतात, आणि ऐकणारा म्हणतो, मिक्स खराब आहे. खोली दहा बाय दहाची असेल तर दोन्ही बाजूंचे घुमारे एकावर एक पडतात आणि प्रकरण हाताबाहेर जातं.

यावर बहुतेक जण भिंतीवर वाकळ टांगतात. वाकळीने वरचा झणझणाट कमी होतो, टाळीचा पडसाद जातो, ते चांगलंच. पण 56 हर्ट्झची लाट सहा मीटर लांब असते, तिला बोटभर जाडीची वाकळ काय अडवणार? त्यासाठी आधी स्पीकर कोपऱ्यातून काढा. कोपऱ्यात प्रत्येक घुमारा जोरात उठतो. भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे आणा, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका, कारण तिथे तीच लाट शून्यावर असते आणि बास नाहीसा झाल्यासारखा वाटतो. कोपऱ्यात कापसाच्या गाद्यांची चळत छतापर्यंत रचता आली तर थोडाफार फरक पडतो. स्पीकर लोखंडी कपाटावर किंवा पलंगाच्या पत्र्यावर ठेवायचा नाही, घडी घातलेल्या चादरीवर ठेवायचा. किक वाजली की वरचा पत्रा झणझणत असेल तर दोष अल्बमचा नाही. पत्र्याचा बोल्ट ढिला आहे, रबरी वॉशर बदला.

स्वीडिश वळणाचं डेथ मेटल (गुरगुरत्या गायकीचं, अतिजड मेटल) या सगळ्यातून सहीसलामत सुटतं, आणि त्याचं कारण एक पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारं पायाखालचं यंत्र, आहे. बॉस कंपनीचं एचएम-2, 1983 ते 1991 दरम्यान बनलेलं. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत तोमास स्कोग्सबर्गने एन्टूम्ड वगैरे बँडचं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा याच पेडलची चारही बटणं शेवटपर्यंत फिरवलेली असत. 1990 च्या ‘लेफ्ट हँड पाथ’चा तो करवतीसारखा आवाज त्यातूनच आला. 2021 मध्ये बॉसने पेडल पुन्हा काढलं, तोवर जुन्यांच्या किमती आकाशाला भिडल्या होत्या. त्याची खुबी अशी की ते तळाला फुगवतं आणि त्याचबरोबर एक किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग ओरबाडून वर काढतं. म्हणजे नेमकी हलगीची पट्टी. घरी वाजवणारे इथे एक चूक हमखास करतात. गिटारला एचएम-2, आणि बासलाही तेच. मग दोघं एकाच पट्टीत भांडतात आणि शेवटी चिखल. बास स्वच्छ किंवा हलका खरखरीत ठेवावा, करवत एकट्या गिटारला द्यावी. पेडल ॲम्पच्या जास्त गेनमध्ये घालू नये, स्वच्छ चॅनेलमध्ये घालावं, नाहीतर गाणं थांबल्यावरही सूंऽ थांबत नाही.

ॲरिझोनाच्या गेटक्रीपरचा ‘डार्क सुपरस्टिशन’ (मे 2024) याच वंशातला. कर्ट बॅलूने ध्वनिमुद्रण केलंय, आणि जडणघडणीत ‘डिसमेंबर’ या स्वीडिश बँडचा फ्रेड एस्टबी होता, म्हणजे स्वीडनचा थेट वारसा. यावेळी त्यांनी वेग उतरवून गॉथ वळणाच्या (उदास, काळोख्या) चाली आणल्या, आणि ते त्यांना शोभलं. वाळवंटातल्या बँडचा अल्बम उन्हाळ्यात ऐकायला बरा वाटतो हा निव्वळ योगायोग. पण उत्तरार्धात येईपर्यंत गाणी एकमेकांच्या अंगावर कलंडतात. सलग ऐकू नका, चार-पाच गाणी पुरेत.

याच्या अगदी उलट न्यूझीलंडचं अल्सरेट. ‘कटिंग द थ्रोट ऑफ गॉड’ जून 2024 मध्ये आला. सात गाणी, जवळजवळ तासाभराचा ऐवज, तीन माणसं. ड्रमवादक जेमी सेंट मेरा स्वतःच ध्वनिमुद्रण आणि मिक्स करतो. कूलरपुढे हा अल्बम साफ नापास होतो. गिटारचे सूर मुद्दाम एकमेकांना खेटून, विसंवादी ठेवलेले, आणि त्यांचा अर्थ मागे उरणाऱ्या गुंजनात असतो. तेच गुंजन पुसलं गेलं की उरतो एक राखाडी गोंगाट. ब्लूटूथ स्पीकरवर ऐकून ‘यात गाणंच नाही’ म्हणणाऱ्यांना दोष देता येत नाही. कान झाकणाऱ्या किंवा फोमच्या टोप्या बसवलेल्या इअरफोनवर, पहाटे, मंद आवाजात ऐका. पहिल्या वेळी गिटारच्या मागे लागू नका, फक्त ड्रम ऐका. सेंट मेरा तालाच्या आत ताल ठेवतो. पाय एक बोलतात, हात दुसरं. दुसऱ्या वेळी बास धरा. तिसऱ्या वेळी गिटार आपोआप सुटी होते. तीनदा ऐकण्याइतका वेळ एका अल्बमला कोण देतो, हा प्रश्न रास्त आहे. गेल्या काही वर्षांतल्या डेथ मेटलमध्ये याला द्यावा, असं माझं ठाम मत.

आणि मग ब्लड इन्कॅन्टेशन. डेन्व्हरच्या या चौघांचा ‘ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर’ ऑक्टोबर 2024 मध्ये आला आणि मेटल न ऐकणाऱ्यांनीही डोक्यावर घेतला. रचना दोनच, ‘द स्टारगेट’ आणि ‘द मेसेज’. प्रत्येकीचे तीन तुकडे, त्यांना त्यांनी ‘टॅब्लेट’ म्हटलंय. एकूण पाऊण तासाच्या आतलं काम. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत आर्थर रिझ्कसोबत मुद्रित केलं, आणि ‘द स्टारगेट’च्या दुसऱ्या तुकड्यात टँजरिन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा थॉर्स्टन क्वेशनिंग सिंथेसायझरवर आहे. हे नुसतं पाहुण्याचं नाव मिरवणं नव्हे. डेथ मेटलचा भयंकर लोंढा थांबतो, सिंथ हळूहळू जागा व्यापतो, आणि तिसरा तुकडा कोसळतो तेव्हा आधीच्या शांततेमुळे त्याचं वजन दुप्पट होतं. वजन फरकातून येतं, पातळीतून नाही, हे शिकवायला एवढं एक उदाहरण पुरे.

कूलर मात्र त्या फरकाचाच गळा दाबतो. मधला सिंथचा भाग घरघरीखाली जातो, ऐकणारा आवाज वाढवतो, आणि पुढचा लोंढा कानठळ्या बसवतो. मग आवाज कमी. असं हात बटणावर ठेवून हा अल्बम ऐकण्यात अर्थ नाही. दुसरा घोळ ॲपचा. सहा तुकडे सलग वाजायला हवेत, आणि अनेकांच्या फोनवर ‘क्रॉसफेड’ नावाची सोय चालू असते. एका गाण्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात ती एकमेकांत मिसळते. लग्नाच्या यादीला ती ठीक, इथे मात्र प्रत्येक सांध्यावर काही सेकंद खाऊन टाकते. क्रॉसफेड शून्यावर आणा, ‘गॅपलेस’ चालू ठेवा, शफल बंद. एवढ्यानेच अल्बम वेगळा वाटेल.

मग हा अल्बम निर्दोष आहे का? नाही. ‘द स्टारगेट’मध्ये सांधे दिसत नाहीत, ‘द मेसेज’मध्ये दिसतात. सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा तुकडा येतो, संपतो, आणि पुन्हा ब्लास्ट बीट (अतिवेगाने सलग पडणारे ड्रमचे ठोके) सुरू होतो तेव्हा रिमोटने चॅनेल बदलल्यासारखं होतं. दोन्ही तुकडे सुंदर, पण एकातून दुसरा जन्मत नाही. जेफ बॅरेटचा फ्रेटलेस (दांडीवर पट्ट्या नसलेला) बास मात्र सगळीकडे गोंदासारखं काम करतो. तो ऐकू येत नसेल तर इक्वलायझरमध्ये बास वाढवू नका, 250 हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करा. गढूळपणा तिथे साचतो. तो उपसला की बासचा सूर आपसूक वर येतो. बास वाढवला की छोटा स्पीकर आधी फुगतो, मग त्यातला लिमिटर सगळंच दाबतो. पूर्ण आवाजावर ब्लूटूथ स्पीकरचा बास उलट कमी होतो तो याच कारणाने.

स्वीडनच्या ओपेथच्या ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ची (नोव्हेंबर 2024) चर्चा एकाच मुद्द्यावर झाली. गायक मिकाएल ओकरफेल्टचा गुरगुराट 2008 च्या ‘वॉटरशेड’नंतर पहिल्यांदा परतला. परतला, आणि छान परतला. पण खरी मजा बांधणीत आहे. एका श्रीमंत कुटुंबप्रमुखाच्या मृत्युपत्राचं वाचन असा विषय, म्हणून पहिल्या सात गाण्यांना नावं न देता कलमांसारखे क्रमांक दिलेत, आणि शेवटच्या ‘अ स्टोरी नेव्हर टोल्ड’लाच काय ते नाव. सातबारा, वाटणी आणि बहिणींच्या हक्कसोडपत्रावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात उभं राहणाऱ्या आपल्या मुलखाला हा विषय समजावून सांगावा लागत नाही. जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचा इयन अँडरसन बासरी वाजवतो आणि निवेदनही करतो. गुरगुराट म्हणजे मेलेल्या बापाचा आवाज, असं धरून ऐकलं की कुठे गुरगुराट आणि कुठे साधं गाणं, याचं तर्कशास्त्र उलगडतं. शब्द समोर ठेवून ऐका, नाहीतर निम्मं निसटतं. कूलरपुढे हा काठावर पास होतो. निवेदनाचे भाग बुडतात, बाकी वाद्यांना श्वास घ्यायला जागा ठेवलीय म्हणून ती तरतात. शेवटचं गाणं मला जरा गोडच वाटतं.

ब्लॅक मेटलचं (किंचाळत्या गायकीच्या, वेगवान मेटलचं) गणित थोडं वेगळं. मिनिटाला 240 मात्रांच्या वेगाने ब्लास्ट बीट चालू असेल तर सेकंदाला चार मात्रा आणि सोळा ठोके. म्हणजे दोन ठोक्यांत जेमतेम 62 मिलिसेकंद. उघड्या भिंतींच्या, फरशीच्या खोलीत पडसाद विरायला त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. त्यामुळे ठोके एकमेकांत विरघळतात आणि पत्र्यावर पाऊस पडतोय असं ऐकू येतं. ज्यांना प्रत्येक ठोका मोजायचा असतो त्यांच्यासाठी ही आपत्ती. अमेरिकेच्या डेफहेवन या बँडसाठी नाही. त्यांना पाऊसच हवा असतो. 2021 च्या ‘इन्फिनिट ग्रॅनाइट’मध्ये त्यांचा गायक जॉर्ज क्लार्क बहुतेक सरळ गायला आणि जुने चाहते रुसले. मार्च 2025 च्या ‘लोन्ली पीपल विथ पॉवर’मध्ये किंचाळी परत आली, पण निर्माता तोच, जस्टिन मेल्डल-जॉन्सन, त्यामुळे मधल्या काळात शिकलेला टापटीपपणा गेला नाही. ‘मॅग्नोलिया’ छोटं आणि थेट, ‘ॲमेथिस्ट’ हळूहळू चढत जाणारं. मधे ‘इन्सिडेंटल’ नावाचे तीन विसावे आहेत. घाईत ते गाळू नका, अल्बमचा श्वास तिथेच आहे. तासाभराचा अल्बम आहे आणि जाणवत नाही, याहून मोठी पावती मेटलमध्ये द्यायची कशी?

लांबीचा विषय निघालाच आहे. मेटॅलिकाचा ‘72 सीझन्स’ (एप्रिल 2023) 77 मिनिटांचा. त्यात ‘लक्स इटर्ना’ साडेतीन मिनिटांच्या आत काम आटोपतं आणि अल्बमभर तेच सगळ्यात ताजं. उरलेल्यांपैकी निम्म्या गाण्यांत रिफ चांगली, पण तीच रिफ दोन फेऱ्या जास्त. शेवटचं ‘इनामोराटा’ अकरा मिनिटांचं, आणि गंमत म्हणजे तेच सर्वांत कमी लांब वाटतं. कात्रीची गरज मधल्या गाण्यांना होती. याच्या शेजारी केंटकीच्या नॉक्ड लूजचा ‘यू वोन्ट गो बिफोर यू आर सपोज्ड टू’ (मे 2024) ठेवून पाहा. दहा गाणी, 27 मिनिटं. हार्डकोर (पंक रॉकचा आक्रमक प्रकार) आणि मेटलच्या सीमेवरचं हे काम, आवाज अतिशय दाबून बसवलेला, तरी गुदमरत नाही, कारण गाणं थांबतं तेव्हा खरोखर थांबतं. ‘सफोकेट’मध्ये गायिका पॉपी पाहुणी आहे आणि मधेच रेगेटॉनचा (लॅटिन नाच-संगीताचा) ठेका येतो. कागदावर वाचलं तर हसू येईल, कानाला मात्र पटतं. कूलर, रिक्षा, पिठाची गिरणी, कशाच्याही शेजारी हा अल्बम ऐका, एक अक्षर हरवत नाही. शब्द तसेही कळत नाहीत, तो भाग निराळा.

स्लीप टोकनच्या ‘इव्हन इन आर्केडिया’ला (मे 2025) एका परिच्छेदाहून जास्त द्यायची इच्छा नाही. अमेरिकेच्या अल्बम-यादीत पहिला आला, चाली गोड आहेत, ड्रमवादक अफाट आहे. पण मेटलचा भाग जिथे येतो तिथे सगळं एका सपाट भिंतीसारखं दाबलेलं, त्यामुळे ज्या क्षणी छाती भरून यायला हवी त्या क्षणी आवाज आकसतो. ॲप मोठ्या आवाजाच्या अल्बमांना समान पातळीवर आणण्यासाठी खाली खेचतं, तेव्हा अशा मिक्सची लबाडी उघडी पडते. ‘नॉर्मलायझेशन’ची सोय चालूच ठेवावी. पातळीची फसवणूक गेली की अल्बमांची तुलना खरी होते.

ब्लडीवूडबद्दल इथल्या कानांना वेगळं म्हणायचंय. दिल्लीच्या या बँडचा ‘नू देल्ही’ मार्च 2025 मध्ये आला. ‘बेखौफ’मध्ये जपानचा बेबीमेटल हा बँड आहे, आणि ‘तडका’ हे चक्क खाण्यावरचं गाणं. ते ऐकून मान न डोलवणारा माणूस दाखवा. 2022 च्या ‘रक्षक’पेक्षा हा आटोपशीर आहे. पण ढोल अजूनही बहुतेक वेळा किक ड्रमची री ओढतो. जिथे किक तिथे ढोल. मग एवढं ढोल आणून मिळवलं काय? आपल्याकडे गोंधळात संबळ ऐका. एक भांडं जाड आवाजाचं, एक बारीक, आणि बारीक भांडं जाड्याला सारखं अडवत, टोमणे मारत पुढे जातं. तुळजापूरच्या देवळाच्या आवारात हे कुणीही ऐकू शकतं. मेटलमध्ये संबळ आणायचाच तर बारीक भांडं आणि स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा छोटा ढोल) एकाच पट्टीत येतात, हे आधी ध्यानात घ्यावं लागेल. दोघं एकदम वाजले तर दोघंही मरतात. स्नेअर काढून ती जागा संबळाला द्यावी, किंवा स्नेअर दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर ठेवून संबळ मधल्या फटींत वाजवावा. माइक कातड्याच्या कडेपासून वीतभर अंतरावर, काडीच्या वाटेत येणार नाही असा. हलगी तर माइकपासून दोन-तीन फूट लांबच बरी, नाहीतर टोकाला आवाज फाटतो. मराठी मेटलमध्ये हे कुणी नीट करून दाखवलं तर त्याची ढोलाच्या सजावटीशी तुलनाच होणार नाही.

इअरफोनने कूलरवर मात करायची म्हणून आवाज वाढवत नेणाऱ्यांसाठी एक आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाने आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास ऐकावं, 90 वर फक्त चार. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. आवाज वाढवण्याऐवजी घट्ट बसणाऱ्या फोमच्या टोप्या घ्याव्यात. बाहेरचा गोंगाट त्या कानाबाहेरच अडवतात, आणि बासही परत मिळतो, कारण तो मुळात कानाच्या सैल फटीतून निसटत होता.

डाउनलोडचं गणितही सांगून टाकतो. 320 केबीपीएसवर मिनिटाला 2.4 एमबी, म्हणजे ‘ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर’ शंभर एमबीच्या आसपास. फ्लॅकमध्ये (आवाज न कापता साठवणाऱ्या फाइलमध्ये) मेटल फारसं आकसत नाही, कारण त्यात रिकामी जागाच कमी असते. तिप्पट धरून चाला. साध्या ब्लूटूथवर ऐकणार असाल तर फ्लॅकचा फायदा वाटेतच सांडतो, तार जोडणाऱ्यांनाच तो मिळतो. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर विकत घेतलं तर डिजिटल विक्रीतला 15 टक्के वाटा संकेतस्थळ घेतं आणि ‘बँडकॅम्प फ्रायडे’ला तोही सोडतं. 2020 पासून ही प्रथा आहे. आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी बँकेच्या ॲपमधून चालू करावा लागतो. तो बंद असला की पैसे अडतात आणि खापर संकेतस्थळावर फुटतं.

राहिलं डूम, म्हणजे संथ, जड मेटल. इटलीच्या मेसा या बँडचा ‘द स्पिन’ (एप्रिल 2025) सगळ्यांना सुचवावा असा. सारा नावाची गायिका इतकी मोकळी गाते की मेटलला नाक मुरडणारी मंडळीही थबकतात. ऐंशीच्या दशकातल्या गॉथचा थंडपणा, मधेच ‘द ड्रेस’मध्ये जॅझकडे वळण, आणि जड रिफ अगदी गरजेपुरती. सात गाण्यांत एकही भरतीचं नाही. कूलरपुढे तिचा आवाज टिकतो, मागचं वातावरण टिकत नाही. तेवढं नुकसान सोसून ऐकावा.

बेल विचचा ‘फ्यूचर्स शॅडो पार्ट वन: द क्लॅन्डेस्टाइन गेट’ (एप्रिल 2023) मात्र कूलरबरोबर ऐकूच नये. दोन माणसं, गिटार नाही. बास, ड्रम, ऑर्गन आणि आवाज. एकच गाणं, 83 मिनिटांचं. एक ठोका पडतो, तो विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. त्या थांबण्यातच सगळं आहे, आणि नेमकं तेच घरघर गिळते. याला लाईट जाण्याची वेळ उत्तम. कूलर इन्व्हर्टरवर नसेल तर डीपी उडाल्यावर गल्ली अशी गप्प होते की दूरच्या कुत्र्याचं भुंकणं मोजता येतं. अल्बम आधीच उतरवून ठेवलेला असावा, साधारण 200 एमबी. टॉवरची बॅटरी उतरली की नेटही जातं. फोन विमान मोडवर, पडदा बंद, खिडकी उघडी. पहिली काही मिनिटं ऑर्गनच्या एका लांब सुरात जातात, तिथे घाई करून पुढे सरकवू नका. आणि मधेच लाईट आली, कूलर धडधडत सुरू झाला, तर गाणं तिथेच थांबवा. उरलेलं पुढच्या वेळी लाईट जाईल तेव्हा.